आरमारी कादंबरी लिहायची तर आधी पंचांग उघडा

कोकण किनाऱ्यावरच्या आरमारी सरदाराची साहसकथा आणि प्रेमकथा एकत्र लिहायची असेल, तर टेबलावर पहिल्यांदा पंचांग ठेवावे. बखरी, पत्रव्यवहार, नकाशे नंतर. घोडदळाच्या कथेत नायक मनात येईल तेव्हा खोगीर कसतो. गलबतावरच्या नायकाला मात्र भरती, वारा आणि पाऊस या तिघांची परवानगी लागते. भरती तिथीवर चालते, वारा आणि पाऊस महिन्यांवर. हे जुळले की लढाई कधी होईल, नायक घरी कधी असेल, नायिकेला किती दिवस वाट पाहावी लागेल, हे सगळे जवळजवळ आपोआप ठरते. न जुळवता लिहिले, तर हर्णै बंदरातला कुठलाही तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल.

साल आधी, नायक नंतर

सोयीचे चार काळ आहेत. पहिला १६७९ चा, खांदेरीचा: महाराजांची माणसे बेटावर तट उभारताहेत, इंग्रज गलबते वेढा घालून बसली आहेत, आणि मायनाक भंडारी व दौलतखान रात्रीच्या अंधारात थळहून बेटावर रसद पोचवताहेत. प्रसंग उत्तम, पण काळ इतका प्रसिद्ध की काल्पनिक नायकाला हालचाल करायला जागा कमी. दुसरा १७१३ ते १७२९, म्हणजे बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहापासून कान्होजी आंग्रे यांच्या निधनापर्यंतचा. नवख्याने हाच घ्यावा. मुंबईत इंग्रज, चौल-वसई-गोव्यात पोर्तुगीज, जंजिऱ्यात सिद्दी. दर दोन कोसांवर सत्ता बदलते. त्यात १७१८ ला खांदेरीवर, १७२० ला विजयदुर्गावर आणि १७२१ ला इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाई, अशा तीन फसलेल्या मोहिमा तयार मिळतात. तिसरा काळ १७५५-५६ चा. सुवर्णदुर्ग पडतो, पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळते. ही शोकांतिका आहे. शेवट वाचकाला ठाऊक असतो, म्हणून ती हाताळायला कसब लागते. चौथा काळ पेशव्यांच्या आरमाराचा. आनंदराव धुळप आणि ‘रेंजर’ या इंग्रज जहाजाशी झालेली १७८३ ची लढाई यांवर फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून अनुभवी लेखकाने तिकडे वळावे.

साल ठरले की तारखांचा सापळा लगेच समोर येतो. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत होते. ती १७०० पूर्वी दहा आणि त्यानंतर अकरा दिवस मागे होती. पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नव्या गणनेवर होते. एकाच लढाईच्या दोन तारखा दिसल्या म्हणजे दोन लढाया झाल्या असे नव्हे. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे सिद्दीने उंदेरी ताब्यात घेतली तो जानेवारी १६८० त्यांच्या कागदात १६७९ म्हणून सापडतो. आपल्याकडच्या कागदांत सुहूर सन (मराठी दफ्तरांतली एक कालगणना) असेल तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. शक असेल तर ७८, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. एका वहीत प्रत्येक प्रसंगासमोर तिथी, नवी तारीख आणि इंग्रजी जुनी तारीख असे तीन रकाने पाडा. या वहीवाचून दहावे प्रकरण पहिल्या प्रकरणाच्या आधी घडलेले निघते, आणि ते छापून आल्यावरच कळते.

भरतीचा पाऊणपट हिशेब

किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५. पाऊणपट सव्वा अकरा. दुपारी आणि रात्री सव्वा अकराच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेले. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, बारा वाजता ओहोटीचा तळ. रोज वेळ दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, पुढे सरकते. हा आडाखा मुंबई-अलिबागच्या बाजूला चांगला बसतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते. पाण्याची उंचीही बदलते. मुंबईकडे उधाणाला चार मीटरहून जास्त फरक पडतो, मालवणला साधारण त्याच्या निम्मा.

आता हा हिशेब कथेला लावून पाहा. ‘पौर्णिमेचे चांदणे, मध्यरात्र, आणि नायक ओहोटीच्या वाळूतून चालत कुलाब्यात शिरतो’ हे दृश्य हौशी लेखनात हमखास येते, आणि ते अशक्य आहे. पौर्णिमेच्या मध्यरात्री किल्ल्याभोवती उधाणाचे पाणी असते. मग अष्टमी घेऊ, तिला मध्यरात्री ओहोटी आहे, असे वाटेल. पण अष्टमीला भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असतो. पाणी उतरते ते अर्धवटच, आणि नायकाला कमरेएवढ्या पाण्यातून हातातली बंदूक डोक्यावर धरून जावे लागते. तेही चालेल, पण मग तसे लिहा.

रात्रीच्या छाप्यासाठी सर्वांत सोयीची शुक्ल पंचमी. भरती दुपारी पावणेचारला, तळ रात्री दहाच्या आसपास, आणि चंद्रही त्याच सुमाराला मावळतो. अंधार आणि कोरडी वाट एकाच वेळी मिळते. कृष्ण चतुर्थीला हे जमत नाही. संकष्टीचा चंद्र नऊच्या सुमाराला उगवतो हे घराघरात माहीत आहे, म्हणून इथली चूक सगळ्यांना दिसते.

वारा आणि वल्ही

खुल्या हंगामात, विशेषतः कार्तिक ते माघ, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि सकाळपर्यंत टिकतो. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो. यांच्या मध्ये, साधारण सकाळी नऊ ते अकरा, समुद्र पडून असतो. मराठी आरमाराची खरी ताकद या दोन तासांत होती, आणि लढाईचे प्रकरण याच वेळेवर बांधायला हवे. भर वाऱ्यात उंच शिडांचे इंग्रज जहाज वळून आपली कूस देते आणि एकाच वेळी दहा-पंधरा तोफा डागते. वारा पडला की तेच जहाज जागच्या जागी थिजते, आणि वल्ह्यांची गलबते त्याच्या पाठीमागे जाऊन बसतात.

म्हणून जहाजांची माहिती नीट असावी. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोनकाठी सुमारे १५० टनांपर्यंत, तीनकाठी ३०० पर्यंत. बुडाला उथळ, मध्ये रुंद, पुढे निमुळती होत जाणारी लांब नाळ. नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे साधारण चार ते साडेपाच किलोचा गोळा. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या. गलबत क्वचितच ७० टनांवर जाई. त्याला एक मोठे तिकोनी शीड, मागे छोटी काठी, ४०-५० वल्ही, बांबूच्या चिवाट्यांची बैठक आणि फिरत्या खुंट्यावरचे जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा. मोठ्या गलबतावर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफाही असत. वल्हवून वेग तासाला सहा-साडेसहा किलोमीटर, तोही दमछाक होईपर्यंतच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचा एक सुभा पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा सांगितला आहे. तुमच्या सरदाराच्या हाताखाली किती नावा, हे ठरवताना हे प्रमाण उपयोगी पडते.

लढाईचा क्रम साधारण असा ठेवावा. पहाटेच्या मतलईवर खाडीतून बाहेर पडणे. वारा पडताच गलबतांनी दोर लावून गुराबा ओढणे. शत्रूच्या पाठीकडून, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी, तिथून जवळ जाणे. नाळेच्या तोफांनी जहाजाचे अंग नव्हे, डोलकाठ्या आणि दोर तोडणे. माल असलेले जहाज बुडवून कुणाचेच पोट भरत नाही. काठी कोसळली की गलबतांनी चारही बाजूंनी एकदम भिडणे आणि शेकड्यांनी माणसे तलवार घेऊन वर चढणे. तीनचारशे मीटरच्या पलीकडे अचूक नेम लागला असे लिहू नका. डुलत्या बैठकीवरून तो दैवाचा भाग होता.

ताण कुठून येतो? खारा वारा लवकर सुटला तर डाव उलटतो, यातून. दहा वाजता पाण्यावर पहिली सुरकुती दिसली की तांडेलाने सरदाराकडे पाहावे, एवढे पुरे. माघारीचाही हिशेब ठेवा. गुराब उथळ असल्याने खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा भरतीत ओलांडते, खोल बुडाचे जहाज ओलांडू शकत नाही. लढाई अमावास्येच्या किंवा प्रतिपदेच्या सकाळी घातली, तर भरती सव्वा अकरा ते पाऊण, उधाणाचे पाणी आणि दुपारचा वारा, तिन्ही गोष्टी नायकाला घरी आणतात. पाठलाग करणारा एकदीड वाजता तोंडाशी पोचतो तेव्हा पाणी उतरू लागलेले असते. अशी सुटका योगायोगाची वाटत नाही, कारण वाचकाला तिथी दोन पाने आधी दिलेली असते.

अंतरांची चूक फार होते. कुलाब्याहून खांदेरी सुमारे नऊ किलोमीटर, म्हणजे वल्ह्यांचा दीड तास. सुवर्णदुर्ग ते विजयदुर्ग मात्र सुमारे १४० किलोमीटर. वायव्येचा वारा पाठीशी असेल तर दक्षिणेला जायला एक दिवस-रात्र धरा. उलट, विजयदुर्गाहून उत्तरेला याच हंगामात यायचे तर वाऱ्याशी झुंजत अनेक दिवस लागतात. तिकोनी शिडाच्या नावेला बाजू बदलताना लांबलचक परबाण (शिडाची आडवी काठी) डोलकाठीभोवती फिरवावे लागते. दर वेळी मेहनत, वेळ आणि थोडे मागे घसरणे. नायकाला निरोप मिळताच तो रातोरात कुलाब्याला पोचला, असे लिहिण्याचा मोह आवरा. निरोप घाटवाटेने किंवा किनाऱ्याने जासुदाकडून लवकर पोचे, नायक उशिरा. प्रेमकथेला हा फरक फार कामाचा.

पाऊस हा प्रेमकथेचा धनी

ज्येष्ठात समुद्र बंद होतो आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेपर्यंत बंदच राहतो. नारळ सोडला म्हणून दुसऱ्या दिवशी गुराबा बाहेर पडत नाहीत. मच्छीमार होड्या आधी, लढाऊ नावा भाद्रपद-आश्विनात, मोठी मोहीम दसऱ्यानंतर. आश्विन-कार्तिकात आणि वैशाखाच्या शेवटी वादळांची भीती असते. पावसाळ्यात नावा किल्ल्याच्या आश्रयाला खाडीत ओढून शाकारलेल्या. शिवणींत काथ्या-कापूस ठोकणे, राळ-तेल-चुन्याचा लेप देणे, शिडे उसवून पुन्हा शिवणे, हीच कामे. म्हणजे नायक वर्षातले तीन-चार महिने जमिनीवर आणि बाकीचे पाण्यावर. कादंबरीचा सांगाडा इथेच आहे. दोन पावसाळे आणि त्यांच्या मधला एक हंगाम घेतला, तर तीसेक प्रकरणे सहज भरतात. पहिला पाऊस ओळखीचा, हंगाम विरहाचा आणि लढाईचा, दुसरा पाऊस निकालाचा. लढाया पावसात आणि भेटी हंगामात घालणाऱ्यांना प्रत्येक भेटीसाठी नवी सबब शोधावी लागते.

नायिका कोण, हा अवघड प्रश्न. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच होत, म्हणून अविवाहित प्रौढ तरुणी हवी असेल तर तिचे कारण कथेतच द्यावे लागते. तरुण विधवा हा जास्त खरा पर्याय. मात्र तिची जात आणि घर आधी ठरवा. कोळी, भंडारी, कुणबी अशा अनेक समाजांत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. ब्राह्मणांत आणि कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत नव्हती. पाट लागू शकतो की नाही, यावर सगळी गाठ बदलते. लागू शकत असेल तर अडथळा बाहेरचा हवा: सत्ता, पैसा, वैर. नसेल तर अडथळा घरातच आहे, आणि त्याला तलवारीने उत्तर नाही.

समजा, उमा ही वरच्या चौलातल्या व्यापाऱ्याची विधवा. नवऱ्यामागे एक तरांडे आणि एक कर्ज उरले आहे. रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे, त्यामुळे तिथून निघणाऱ्या जहाजाला पोर्तुगीज परवाना लागतो आणि बाहेर पडताच सरखेलांचे, म्हणजे आरमारप्रमुख आंग्र्यांचे, दस्तकही. तिच्या दिवाणजीने दस्तकाचे पैसे वाचवले. जहाज पकडले गेले, आणि पकडणारा आपला नायक. ती जहाज सोडवायला कुलाब्याला येते तेव्हा ज्येष्ठ लागलेला आहे. परत जायला समुद्र नाही. इथे प्रेम आणि साहस यांना एकच कारण मिळाले. दस्तक, जकात, जप्तीचा वाटा, कारकुनाची लाच या कोरड्या गोष्टींत फार रस आहे. त्या टाळून थेट नजरानजरेवर येऊ नका.

पकडलेली गोरी बाई आणि मराठा सरदार ही जोडी तर टाळाच. १७१२ साली कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख ज्या नावेतून जात होता ती कान्होजींच्या गुराबांनी पकडली, तो मारला गेला, आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन ३०,००० रुपये खंडणी घेऊन सोडली गेली. त्या प्रसंगात प्रेम कुठेच नाही, वाटाघाट आहे, आणि वाटाघाटच अधिक वेधक आहे.

पत्रांचा प्रश्न वेगळा. नायिका मोडी वाचते असे गृहीत धरू नका. बहुतेक वेळा पत्र कारकून लिहितो, दुसरा कारकून वाचून दाखवतो, आणि ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ या मायन्याखाली मनातले लपवून सांगावे लागते. तिसऱ्या माणसाच्या देखत वाचल्या जाणाऱ्या पत्रात गलबताच्या दुरुस्तीच्या खर्चाआड काय दडवता येईल, याचा सराव करा. दोघेच असतानाच्या संवादापेक्षा अशी दोन पत्रे जास्त काम करतात.

माणसे, भाषा, ताट

सरखेल, सुभेदार, सरदार यांच्याखाली नावेवरचा खरा धनी तांडेल. मग सुकाणी, गोलंदाज, खलाशी, आणि किनाऱ्यावर कारखानीस-फडणीस. नावेवर कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी असे नाना समाज, शिवाय मुसलमान अंमलदारही. दर्यासारंग आणि दौलतखान ही नावे इतिहासातच आहेत. सगळे खलाशी एकाच जातीचे, एकाच बोलीचे दाखवले की नाव खोटी वाटते. मात्र बोली चिमटीने वापरा. अलिबागकडची आगरी-कोळी आणि मालवणी एका माणसाच्या तोंडी येता कामा नये. पानभर बोली लिहिण्यापेक्षा हाक, शिवी आणि एखादे क्रियापद पुरते. तांडेलाला खलाशी ‘तांडेल’ म्हणतील, मालकाला ‘नाखवा’. वयाने मोठ्या सरदाराला नायक ‘आबा’ म्हणेल, पण कचेरीत ‘सरखेल’ असेच. ‘कॅप्टन’ फक्त इंग्रजांच्या तोंडी.

वेळ घटका-प्रहरांत मोजा: घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. खोली वावेत, अंतर कोसात. ‘दोन मिनिटांत’ हा शब्द मसुद्यात शोधून काढून टाका. तो नकळत शिरतोच. ताटात बटाटा आणि टोमॅटो नको, हातात चहा नको. नावेवर तांदूळ, नाचणी, पोहे, गूळ, खोबरे, सुकट, सोलं आणि सर्वांत आधी गोडे पाणी. पन्नास वल्हेकऱ्यांना उन्हात माणशी रोजचे चार-पाच लिटर धरले तरी दोनशे ते अडीचशे लिटर होते. म्हणूनच गलबत तीन-चार दिवसांत किनारा शोधते, आणि विहिरीपाशी सापडते. दिव्याला उंडीचे किंवा खोबरेल तेल. काडेपेटी नाही, चकमक आणि सतत धुमसणारा तोडा. दारूच्या कोठाराशेजारी तोडा घेऊन उभा राहिलेला नायक शूर नसतो, मूर्ख असतो.

विजयदुर्गाच्या १७५६ च्या प्रसंगात हीच आग मध्यवर्ती आहे. गोळा एका जहाजावर पडला, ते पेटले, आणि दाटीने नांगरलेले सगळे आरमार पाहता पाहता जळाले. हे लिहिताना शत्रूच्या शौर्यापेक्षा नावा एकमेकींना किती चिकटून बांधल्या होत्या, ते आधीच्या प्रकरणात सहज दाखवून ठेवा.

खरी माणसे मागे ठेवावीत. सरखेल चार-पाच दृश्यांत यावेत, थोडे बोलावेत, आणि नोंद नसलेला निर्णय त्यांच्या तोंडी घालू नये. नायक त्यांच्या हाताखालचा, काल्पनिक आणि चुका करू शकणारा असावा. पुस्तकाच्या शेवटी पानभर टिपण देऊन कोण खरे, कोण कल्पित, कोणती तारीख कथेसाठी सरकवली हे सांगून टाका.

मसुदा झाला की दोन ठिकाणी नेऊन तपासा. कुलाब्याला एकदा उधाणाच्या आणि एकदा भांगाच्या दिवशी जा. थळहून खांदेरी आणि हर्णैहून सुवर्णदुर्ग पाण्यावरून पाहा, कारण जमिनीवरून तट जेवढा उंच वाटतो त्याहून नावेतून खूप जास्त वाटतो. मग लढाईचे आणि छाप्याचे प्रकरण बंदरातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला वाचून दाखवा. कथा आवडली का, असे विचारू नका. त्या तिथीला तिथे पाणी किती असेल, वारा कुठला असेल आणि तो स्वतः कुठून बाहेर पडला असता, एवढेच विचारा आणि तो सांगेल तसे प्रकरण बदला.